कर्ज आमच्या नावावर, सही कुणाची?

जून २०२५ मध्ये अमरावती जिल्ह्यात तिवसा तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीला शेतकरी नेते बच्चू कडू यांनी कर्जमाफीसाठी उपोषण केले, तेव्हा राज्यभर शेतकऱ्याच्या कर्जाची चर्चा झाली. किती थकले, का थकले, माफ केले तर तिजोरीवर किती भार येईल, वेळेवर भरणाऱ्यांवर अन्याय होईल का, या सगळ्यावर ज्याला त्याला मत होते. शेतकऱ्याचे कर्ज असे कायम चव्हाट्यावरच असते. सोसायटीच्या थकबाकीदारांच्या यादीत त्याचे नाव असते, सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढलेला असतो, आणि लग्नाच्या बैठकीत पाहुणे तो बोजा आधी पाहतात.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये विधिमंडळात राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. २०२५-२६ अखेर महाराष्ट्रावरचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटी रुपयांच्या घरात जाईल, असा त्यात अंदाज होता. माणशी हिशोब केला तर पाळण्यातल्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाच्या डोक्यावर सत्तर हजारांच्या आसपास रक्कम येते. या आकड्यावर तिवस्याच्या बसस्टँडवर किंवा मोझरीच्या चौकात कोणी वाद घालताना मी ऐकलेले नाही. लोकांना आकडा कळत नाही म्हणून असे घडते, असे मला वाटत नाही. हे कर्ज घेताना आपल्याला कधी कोणी विचारले नाही आणि पुढेही विचारणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. ज्यात आपला शब्दच नाही, त्यावर माणूस घसा का कोरडा करील?

माझे म्हणणे एवढेच आहे की रस्ते, धरणे, इमारती अशा सार्वजनिक कामांसाठी जे मोठे कर्ज काढले जाते आणि ज्याची फेड ठरावीक गावाच्या, शहराच्या किंवा जिल्ह्याच्या माणसांवर पडते, त्यासाठी त्या माणसांचे मत गुप्त मतदानाने घेतले पाहिजे. कर्ज काढण्याआधी, आणि कागदावर.

आपल्याकडे शेतकऱ्याला खरिपाचे कर्ज कसे मिळते ते पाहा. सातबारा आणि आठ-अ नवा काढून आणा, इतर बँकांची नो-ड्यूज आणा, आधार, पासबुक, फोटो आणा, दोन जामीनदार उभे करा. मग सोसायटीचा सचिव किंवा बँकेचा माणूस फॉर्मवर बोटाने जागा दाखवत जातो आणि शेतकरी एकेक सही करत जातो. सही येत नसेल तर अंगठा. व्याज किती, भरायचे कधी, मार्चअखेर चुकली तर सवलत कशी जाते, हे त्याला पाठ असते. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर व्याज शून्य पडते, आणि म्हणूनच ३१ मार्च तोंडावर आला की गावोगाव नवं-जुनं करायची धावपळ उडते. कुणाकडून तरी चार दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, जुने खाते बेबाक करायचे, नवे उचलायचे, हातउसने परत करायचे.

राज्य सरकारही नवं-जुनंच करते. नव्या उचलीतला मोठा वाटा जुन्याच्या फेडीत जातो. फरक आहे तो सहीचा. राज्याच्या रोख्यांचा लिलाव रिझर्व्ह बँक करते, बहुधा मंगळवारी. बँका, विमा कंपन्या, भविष्यनिर्वाह निधी बोली लावतात, व्याजदर ठरतो, आणि दहा, पंधरा, पंचवीस वर्षांची देणी उभी राहतात. राज्यघटनेच्या २९३ व्या कलमाप्रमाणे केंद्राचे देणे असलेल्या राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. म्हणजे मुंबईने दिल्लीला विचारायचे, हे घटनेत लिहिलेले आहे. नगरपालिका, जिल्हा परिषदा अशा स्थानिक संस्थांच्या कर्जासाठी १९१४ सालचा, इंग्रजांच्या काळातला कायदा आहे, आणि त्याचेही सार हेच की वरच्या सरकारची पूर्वमंजुरी घ्या. प्रत्येक पायरीवर खालच्याने वरच्याला विचारायचे आहे. वरच्याने खालच्याला विचारण्याची एकही पायरी या शिडीला नाही.

मी कर्जाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. २०२५-२६ च्या अंदाजात महाराष्ट्राचे कर्ज राज्याच्या सकल उत्पादनाच्या १९ टक्क्यांच्या आत होते आणि अनेक राज्यांपेक्षा आपली स्थिती बरी होती. धरण पन्नास वर्षे पाणी देणार असेल तर त्याचा सगळा खर्च आजच्याच करदात्याने भरावा, हा न्याय नव्हे. नातवाला ओलीत मिळणार असेल तर नातवानेही त्यातला थोडा भार उचलणे योग्यच आहे. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण झाले म्हणून अमरावती शहर पाणी पिते आणि या पट्ट्यात कालव्याचे पाणी फिरते. असे काम निव्वळ चालू महसुलातून कधीच उभे राहिले नसते. पण नातवाच्या नावाने उचल करताना निदान आजोबाला तरी विचारा. आणि ज्यांच्या शेतावर धरण उभे राहिले त्यांनाही. त्याच अप्पर वर्धाच्या प्रकल्पग्रस्तांना २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपले गाऱ्हाणे ऐकवण्यासाठी मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घ्याव्या लागल्या.

न विचारता काढलेल्या पैशाचे काय होते, हे विदर्भाइतके कोणी भोगलेले नाही. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले. महामंडळाने बाजारात रोखे विकायचे, राज्याने हमी द्यायची आणि धरणे झपाट्याने पूर्ण करायची, अशी कल्पना होती. त्याच धर्तीवर १९९७ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ आले. अनुशेषाने पोळलेल्या भागाला ही मोठी आशा होती. १९५३ च्या नागपूर कराराने दिलेला शब्द, १९८४ च्या दांडेकर समितीने मोजून दाखवलेला अनुशेष, १९९४ ची वैधानिक विकास मंडळे, एवढ्या वाटेने चालत आलेल्या माणसाला वाटले की आता तरी शेतात पाणी येईल.

पुढे २००९ मध्ये काही महिन्यांच्या आत या महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत सुमारे ६,६७२ कोटींवरून सुमारे २६,७२२ कोटींवर गेली. कार्यालयीन भाषेत याला सुप्रमा म्हणतात, सुधारित प्रशासकीय मान्यता. एका टिपणीवर सह्या होतात आणि चारपट बोजा चढतो. अमरावती जिल्ह्यातल्या निम्न पेढीपासून बुलडाण्यातल्या जिगावपर्यंतच्या कामांवर नागपूर खंडपीठात याचिका झाल्या, चौकशा बसल्या, २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली. त्याआधी राज्याच्याच २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दशकभरात सिंचनक्षेत्राच्या टक्केवारीत जेमतेम ०.१ ची वाढ दिसली होती. श्वेतपत्रिकेने वेगळे, अधिक चांगले आकडे मांडले आणि तो वाद तज्ज्ञांमध्ये राहिला. शेतकऱ्याला त्या वादात पडण्याची गरज नाही. कालव्याच्या वितरिकेत पाणी आहे की बाभळी उगवल्या आहेत, हे तो बांधावरून पाहतो. विदर्भातल्याच गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे १८ हजार कोटींच्या पार गेला.

आता कल्पना करा की सुप्रमाची फाईल पुढे सरकण्याआधी लाभक्षेत्रातल्या मतदारांपुढे एक कागद ठेवावा लागला असता. मूळ किंमत इतकी, आता इतकी, वाढीचे कारण हे, काम पूर्ण होण्याची तारीख ही, एवढ्या हेक्टरला पाणी, तुमचे मत काय? माझी खात्री आहे की त्या ३८ पैकी बऱ्याच फायली असा कागद छापण्याच्या भीतीनेच थांबल्या असत्या. मतदानाचा निम्मा उपयोग मत पडण्याआधीच होतो. खात्याला चार ओळींत खरे सांगावे लागते.

आज आपल्याला काय सांगितले जाते? तिवस्याहून कुठल्याही गावाला जाणाऱ्या नव्या रस्त्याच्या तोंडाशी निळा नाहीतर पिवळा फलक असतो. कामाचे नाव, लांबी, अंदाजपत्रकीय किंमत, कंत्राटदाराचे नाव, काम सुरू आणि पूर्ण करण्याची तारीख, दोषदायित्व कालावधी. पुष्कळदा तारखेच्या जागा कोऱ्याच असतात. शेजारी ग्रॅनाइटची कोनशिला असते. तिच्यावर शुभहस्ते, अध्यक्षस्थानी, प्रमुख उपस्थिती असे करत दहा-बारा नावे कोरलेली असतात. हा पैसा अनुदानाचा आहे की कर्जाचा, व्याज किती, फेड किती साली संपणार आणि ती कोण भरणार, यातला एक शब्द त्या दोन्ही ठिकाणी नसतो. २०१७ साली पुणे महापालिकेने चोवीस तास पाण्याच्या योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटींचे रोखे काढले. ज्यांनी ते घेतले त्यांच्यासाठी माहितीपत्रक होते, पतमानांकन होते, महापालिकेच्या उत्पन्न-खर्चाचा तपशील होता. सेबीचा तसा नियमच आहे. पैसे लावणाऱ्याला एवढे सांगायचे आणि पैसे फेडणाऱ्याला काहीच नाही, हे उलटे आहे.

जिल्ह्याच्या पातळीवर कर्जाची एक जुनी, साधी आणि मला आवडणारी सोय आहे, जिल्हा ग्राम विकास निधी. ग्रामपंचायत कायद्यात ती आहे. प्रत्येक ग्रामपंचायत आपल्या उत्पन्नाचा पाव टक्का जिल्हा परिषदेकडच्या या निधीत भरते, आणि ज्या पंचायतीला गाळे, कार्यालय किंवा पाण्याचे काम करायचे असेल तिला त्यातून कमी व्याजाने कर्ज मिळते. गावांनी गावांसाठी उभा केलेला हा पैसा आहे. त्याला ठराव लागतो. पण ठराव कसा होतो, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० माणसे, यातला कमी आकडा. तेवढे लोक जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर जातो. बाई चुलीपुढून उठून दारात येते, कशाची सही म्हणून विचारते, ग्रामसभेची म्हटल्यावर पदराला हात पुसून करून टाकते. प्रोसिडिंगमध्ये 'सर्वानुमते मंजूर' असे येते. शंभर टक्के संमतीचे गाव असे तयार होते, आणि कर्जाचा आकडा त्या बाईला कधीच कळत नाही.

तिवस्याचे तर आणखी एक पाऊल मागे पडले. तालुक्याचे ठिकाण म्हणून ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. निधी वाढला, दर्जा वाढला, पण ग्रामसभा गेली. आता सतरा नगरसेवक सभागृहात बसतात. मोठ्या योजनेला नगरपंचायतीचा स्वहिस्सा भरावा लागतो, आणि घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीतून तो भरणे लहान गावाला जड जाते. मग हिश्श्यासाठी कर्ज काढण्याची वाट दाखवली जाते. ते फेडायचे घरपट्टीतूनच. शेजारच्या खेड्यातला माणूस निदान वर्षातून चार वेळा उभा राहून विचारू शकतो, तिवस्याच्या नागरिकाला तेवढीही जागा नाही. जिल्ह्याची गत याहून वाईट. मार्च २०२२ मध्ये अमरावती जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक आला, आणि पुढची कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही. आम्ही लोकप्रतिनिधी निवडून देतो, तेच आमच्या वतीने ठरवतात, हे प्रातिनिधिक लोकशाहीचे उत्तर त्या वर्षांत देता येत नव्हते. प्रतिनिधीच नव्हते.

अशा मतदानाची कल्पना परकी आहे, असे कोणी म्हणेल. ती परकी नाही. दारूचे दुकान बंद करायचे की ठेवायचे, यावर महाराष्ट्रात गावातल्या बाया गुप्त मतदान करतात. पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की शासनाला मतदान घ्यावे लागते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी दोन चिन्हे असतात, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. हजर मतांच्या निम्मे पुरत नाही, यादीतल्या सगळ्यांच्या निम्मे लागतात. एवढी अवघड अट असूनही अनेक गावांनी ती पार केली आहे. सप्टेंबर २००८ मध्ये रायगड जिल्ह्यात पेणच्या बाजूच्या २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्राच्या जमिनीवरून जिल्हा प्रशासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले होते. ते सरकारवर बंधनकारक नव्हते, पण विरोध एवढा प्रचंड निघाला की तो डावलून पुढे जाणे सोपे राहिले नाही. म्हणजे यंत्रणा आहे, मतदारयादी आहे, तहसील कार्यालय आहे, अनुभवही आहे. दुकानावर मत चालते, मग वीस वर्षांच्या देण्यावर का चालू नये?

अमेरिकेत कौंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखे घटक, आणि शाळांचे विभाग रोखे काढण्याआधी मतदारांना विचारतात, ही तिथली शंभराहून अधिक वर्षांची रीत आहे. मतपत्रिकेवर रक्कम असते, काम असते, कर किती वाढेल ते असते. कॅलिफोर्नियात अशा रोख्यांना दोन तृतीयांश मते लागत. त्यामुळे शाळांच्या इमारती अडू लागल्या, तेव्हा २००० साली मतदारांनीच शाळांसाठी ती अट ५५ टक्क्यांवर आणली. बदल्यात अटी घातल्या. कामांची यादी आधी जाहीर करायची, दरवर्षी लेखापरीक्षण करायचे आणि खर्चावर नजर ठेवायला नागरिकांची स्वतंत्र समिती नेमायची. मला यातली समिती मतदानाइतकीच मोलाची वाटते. एकदा शिक्का मारून लोक घरी गेले तर कंत्राटदार आणि अभियंता दोघेच उरतात.

या कल्पनेवर सर्वांत गंभीर आक्षेप बहुमताचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. तिवसा तालुक्यात पारधी बेडे आहेत, गावाच्या कडेला वस्त्या आहेत. तिथल्या नळासाठी कर्ज काढायचे का, असे सगळ्या गावाला विचारले तर गाव काय उत्तर देईल? बाबासाहेब आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्यांबद्दल जे परखड बोलले ते याच अनुभवातून. म्हणून माझ्या मते पिण्याचे पाणी, शाळा, दवाखाना, वस्तीला जोडणारा रस्ता आणि स्मशानभूमी ही कामे मतदानाला टाकायचीच नाहीत. ती हक्काची आहेत, ती सरकारने अनुदानातून करावीत. कुणाच्या तहानेवर मत घेता येत नाही. मत घ्यायचे ते व्यापारी संकुल, नाट्यगृह, सुशोभीकरण, बायपास, नव्या इमारती आणि किंमत फुगलेल्या प्रकल्पांवर.

लोकांना व्याज कळत नाही, हा दुसरा आक्षेप मला ऐकवत नाही. वऱ्हाडातला शेतकरी व्याजावर जगला आणि व्याजापायी मेला आहे. सावकाराचे, सोसायटीचे, मायक्रोफायनान्सच्या आठवडी हप्त्याचे व्याज इथल्या बाईला तोंडपाठ आहे. व्याजाइतकेच करारही इथे भोगून झाले आहेत. किलिक-निक्सन कंपनीने कापसासाठी घातलेली मूर्तिजापूरची शकुंतला रेल्वे इथल्याच मातीतून धावली. सरकारने गाडी चालवायची आणि मालकी खासगी कंपनीची, असा तो करार स्वातंत्र्यानंतरही दशकानुदशके निस्तरत बसावा लागला. दूर कुठेतरी झालेल्या सहीचा अर्थ या भागाला नीट कळतो.

मते विकली जातील, जातीवर पडतील, हे होईल. ते प्रत्येक निवडणुकीत होते आणि म्हणून आपण निवडणुका बंद केल्या नाहीत.

ती हक्काची कामे सोडून माझी मांडणी अशी आहे. नगरपंचायत किंवा नगरपरिषद आपल्या एका वर्षाच्या स्वतःच्या कर-उत्पन्नापेक्षा मोठे कर्ज काढणार असेल तर मतदान अनिवार्य असावे आणि कौल बंधनकारक असावा. जिल्हा परिषदेलाही हाच नियम. झालेल्या मतांच्या साध्या बहुमताने निकाल लागावा. दोन तृतीयांशची अट नको, कारण तिने एक तृतीयांश लोकांच्या हाती कायमचा अडसर दिला जातो. राज्याच्या प्रकल्पांचे थोडे वेगळे आहे. गोसीखुर्दचे देणे साऱ्या राज्याचे आहे, त्यामुळे एका जिल्ह्याच्या मताने ते अडवणे बरोबर नाही. तिथे मत सल्ल्याचे असावे. पण सुप्रमाने मूळ किंमत दुप्पट होत असेल तर लाभक्षेत्रात मत घेतल्याशिवाय ती मंजूर होऊ नये, आणि कौल विरोधात गेला तर सरकारने सभागृहात लेखी कारण द्यावे.

ग्रामगीता ज्या मोझरीच्या आश्रमातून गावोगाव गेली, तिथे तुकडोजी महाराजांनी श्रमदानाने रस्ते करण्याची शिकवण दिली. श्रमदानात प्रत्येक घर स्वतःहून उतरते, म्हणून त्या रस्त्यावर गावाचा हक्क असतो आणि खड्डा पडला तर गावाला लाज वाटते. कर्ज म्हणजे पुढच्या वर्षांचे श्रम आज गहाण टाकणे. आजचे श्रम विचारून घ्यायचे आणि उद्याचे न विचारता, हे त्या शिकवणीत बसत नाही.

यासाठी राज्यघटना बदलावी लागत नाही. स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्याचा विषय आहे. नगरपरिषदा-नगरपंचायतींचा १९६५ चा आणि जिल्हा परिषदांचा १९६१ चा, हे दोन कायदे दुरुस्त केले की पुरे. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, आणि तिवस्याहून नागपूर शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे. तिवस्याच्या पुढच्या निवडणुकीत मत मागायला दारात येणाऱ्या प्रत्येकाला कर्जाच्या मतदानाची दुरुस्ती मांडणार का, एवढे विचारून ठेवावे, आणि नगरपंचायतीवर आज किती कर्ज आहे, ते किती व्याजाने आणि कोणत्या सालापर्यंत फेडायचे आहे, याचा फलक घरपट्टी भरण्याच्या खिडकीशेजारी लावायला सांगावे. हा फलक लावायला कायद्यातली कोणतीही दुरुस्ती लागत नाही.